पीळ मोजणारे नाना

सुपडू देवरे ऊर्फ नाना यांच्याबरोबर मी नऊ वर्षं नोकरी केली आणि त्यातली निदान आठ वर्षं मी वैतागलेली होते. माझा नवरा अजून सांगतो, की त्या काळात घरी आल्यावर चप्पल काढता काढता माझं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "आज नानांनी काय केलं माहितीये?"

जळगावच्या एमआयडीसीत आमचा तारेचा कारखाना. मालक घेवरशेठ. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले, आधी किराणा, मग सरकी-ढेपेचा व्यापार आणि नातवाच्या काळात हा कारखाना. मी उत्पादन बघायची आणि नाना तपासणी. म्हणजे सरळ सांगायचं तर मी तार करायची आणि नाना ती अडवायचे.

तार कसली, तर कापसाच्या गाठी बांधायची. जिनिंगमध्ये सरकी काढलेली रुई मोठ्या दाबयंत्रात घालून दाबतात. ती दाबलेली असतानाच तिच्याभोवती तारा घेतात, टोकं वाकवून कड्या करून एकमेकींत अडकवतात आणि मग दाब सोडतात. दाब सुटला की गाठ फुगते. त्या क्षणी सगळा जोर तारांवर येतो. तार टिकली तर गाठ तयार. तुटली, तर ती नुसती गळून पडत नाही, चाबकासारखी फिरते. समोर कोण उभं आहे हे तिला कळत नाही.

नाना उंच, काटकुळे, कायम पांढऱ्या सदऱ्यात. सदऱ्याच्या खिशात तारेचे तुकडे, प्रत्येक तुकडा कागदाच्या चिठ्ठीत गुंडाळलेला, चिठ्ठीवर बंडलाचा नंबर. त्या तुकड्यांनी त्यांचा एकूण एक सदरा खिशाजवळ फाटलेला असायचा. घर धुळ्याला, नोकरी जळगावला. सोमवारी पहाटेच्या एसटीने यायचे, कारखान्यामागच्या एका खोलीत आठवडा काढायचे आणि शनिवारी दुपारी परत. बोलणं एरवी आमच्यासारखंच ऑफिसातलं मराठी. पण चिडले किंवा कोणाबद्दल माया दाटून आली की अहिराणी सुरू व्हायची. त्यामुळे अहिराणी ऐकली, की आता शिव्या येणार की कौतुक, याचा आम्हाला पटकन अंदाज यायचा नाही.

तारेची ताकद मोजायचं एक चांगलं यंत्र आमच्याकडे होतं. तार दोन्हीकडून पकडायची, ओढायची, किती जोराला तुटली तो आकडा पडद्यावर दिसतो. जग त्या आकड्यावर चालतं. नाना तो आकडा लिहून घ्यायचे, पण असा, की एखाद्याने पाहुण्याच्या पोराचे मार्क ऐकून घ्यावेत. मग उठून कोपऱ्यातल्या जुन्या यंत्राकडे जायचे. ते हाताने फिरवायचं होतं. तारेचा हातभर तुकडा दोन्ही टोकांना आवळायचा आणि एका टोकाने पिळत जायचं, तुटेपर्यंत. पीळ मोठ्याने मोजायचे. मोजताना कोणी मध्ये बोललं, की थांबायचे, तो तुकडा काढून बाजूला टाकायचे आणि नवा लावून पुन्हा एकपासून सुरुवात. मी एकदा, फक्त एकदा, "नाना, चहा" एवढंच म्हटलं. बावीसवर होते. चहा गार झाला, गाडी दारात उभी राहिली, ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला, आणि हे पुन्हा एक, दोन, तीन.

"नाना, ग्राहकाने पीळ मागितलेला नाही. त्याला ओढण्याची ताकद हवी आहे, ती आहे."

"ग्राहक कुठे उभा राहतो ताई? ऑफिसात. तारेपुढे कोण उभं राहतं?"

असले प्रश्न विचारणारा माणूस डिस्पॅचच्या वेळी समोर असणं म्हणजे काय, ते ज्याने भोगलंय त्यालाच कळेल.

मी नवीन होते तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझी परीक्षा घेतली होती. यावलकडून केळी भरून येणाऱ्या एका ट्रकमधून केळीच्या खोडाचं वाळलेलं सोपट आणलं आणि माझ्या हातात दिलं. "ओढा." मी दोन्ही हातांनी ओढलं. तुटेना. "आता नख लावा. उभं." नख लावलं आणि ते सर्रकन दोन झालं.

"लोखंडाचं तुम्ही असंच करता," नाना म्हणाले. "जाड सळई येते तेव्हा तिच्यातले कण पोत्यातल्या ज्वारीसारखे असतात. कुठूनही हात घाला, सारखेच. डायच्या भोकातून ओढली की तेच कण लांबतात, दोऱ्यासारखे शेजारी शेजारी झोपतात. जेवढी ओढाल तेवढी लांबीत ताकद वाढते. पण दोरा दोऱ्याला किती धरून आहे? ते ओढून कळत नाही. पिळून कळतं. चांगली तार पिळली की सरळ आडवी तुटते, कापल्यासारखी. वाईट तार उभी उकलते."

हे सगळं मी इंजिनिअरिंगला शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. पण ते खऱ्या अर्थाने त्या दिवशी कळलं, आणि तसं मी त्यांना कधीही सांगितलं नाही. एक तर त्यांनी मला भर वर्कशॉपमध्ये, सगळ्या ऑपरेटरांदेखत सोपट फाडायला लावलं होतं.

त्यांच्या दाखल्यांनी तर मला म्हातारी केलं. प्रत्येक मालाबरोबर तपासणीचा दाखला जातो. त्यात शेवटी 'मंजूर' लिहायचं असतं. नाना लिहायचे, "आज तरी बरी." एकदा अकोल्याच्या एका ग्राहकाचा फोन आला. "मॅडम, आज तरी बरी म्हणजे काय? उद्या बिघडणार आहे का?" मी फोन नानांच्या हातात दिला. नाना शांतपणे म्हणाले, "उद्याचं मी कसं सांगू भाऊ? तुम्ही ती पावसात ठेवाल, वाकडी वाकवाल. मी आज पाहिली, आज बरी आहे." ग्राहकाने फोन ठेवला. मग मी दाखल्याचे नवे फॉर्म छापून घेतले. त्यात लिहायला जागाच ठेवली नाही, दोन चौकोन ठेवले, मंजूर आणि नामंजूर. नाना मंजूरवर खूण करायचे आणि शेजारी समासात, बारीक अक्षरात लिहायचे, "आज तरी."

कारखान्याबाहेरही सुटका नव्हती. घेवरशेठनी नवं घर बांधलं, आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं. दिवाणखान्यात सागवानी बंगई टांगली होती, पितळी कड्यांची, वरचे आकडे मात्र पोलादी, लखलखीत. सगळे आळीपाळीने बसून झोके घेत होते. शेठ म्हणाले, "नाना, या, बसा." नाना बसले नाहीत. खुर्ची मागितली. खुर्चीवर चढले. खिशातून भिंग काढलं आणि पाहुणे श्रीखंड खात असताना आकड्याच्या मानेजवळ नाक नेऊन पाच मिनिटं बघत राहिले. मग खाली उतरून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "शेठजी, हिच्यावर पोरं बसवू नका. हा आकडा ओढलेल्या गजाला थंडच वाकवून केलाय. वळणाला उभी रेघ पडली आहे."

शेठच्या आईने जपमाळ थांबवली. सुनेने दोन वर्षांचं पोर बंगईवरून उचलून घेतलं. जेवणाचा सगळा रंग उडाला. दुसऱ्या दिवशी शेठनी आकडे बदलले, आणि महिनाभर नानांशी कामापुरतंच बोलले.

तो आकडा तुटला असता का? कोणाला माहीत. नानांच्या बाबतीत हीच तर पंचाईत होती. त्यांचं म्हणणं खरं होतं की खोटं, हे कधी सिद्धच व्हायचं नाही, कारण ती वस्तू मोडण्याच्या आधीच ते ती काढून टाकायला लावायचे. बरोबर ठरलेला माणूस निदान मिरवतो तरी, आपल्याला त्याचा राग मोकळेपणाने करता येतो. नानांचा तोही करता यायचा नाही.

आता मूळ गोष्ट.

त्या वर्षी कापूस भरपूर होता. दसऱ्यापासून जिनिंगवाल्यांचे फोन सुरू झाले. चोपड्याकडून, पहूरकडून, धुळ्याकडून, सगळ्यांना तार एकदमच हवी. आमची सळई एकाहून एक बारीक भोकाच्या सहा डायमधून जायची, प्रत्येक डायला थोडी थोडी बारीक होत. मी हिशेब मांडला, की पाच डायमध्ये काम भागतं. प्रत्येक डायवर ओढ थोडी वाढेल, पण उत्पादन कितीतरी पुढे जाईल. शेठना पटलं. मी केलं. आणि गंमत म्हणजे तारेची ताकद वाढली. पडद्यावर इतका मोठा आकडा आमच्या कारखान्यात कधी आला नव्हता. मी तो कागद छापून शेठच्या टेबलावर ठेवला.

नानांनी तो कागद बराच वेळ पाहिला. "ही ताकद कुठून आली?"

"कुठून म्हणजे? जास्त ओढली, म्हणून आली."

"तार तापते आहे, ताई. डाय कमी केल्या, ओढ वाढली, गार करायचं पाणी तेवढंच. गरम तार आकड्यात फुगते आणि आतून ठिसूळ होते." मग अहिराणीत म्हणाले, "ओढाले वाघ शे. पिळाले काय शे ते देखनं पडस."

पिळलं. तीन तुकड्यांपैकी दोन उभे उकलले. नानांनी चाळीस बंडलांवर लाल चिठ्ठी लावली आणि शनिवार असल्यामुळे दुपारच्या एसटीने धुळ्याला निघून गेले.

गाडी उभी होती. धुळ्याजवळच्या एका जिनिंगमध्ये तार संपत आली होती, तिथला व्यवस्थापक दर अर्ध्या तासाने फोन करत होता. ग्राहकाच्या मागणीपत्रात पिळाचा उल्लेखही नव्हता. एक म्हातारा माणूस हाताने दांडा फिरवून माझा महिनाभराचा घाम मातीत घालतोय, असं मला वाटलं, मनापासून वाटलं. मी चाळीस दाखले घेतले, मंजूरच्या चौकोनात खूण केली आणि खाली नानांची सही केली. मला ती येत होती. आठ वर्षं रोज बघत होते.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला फोन आला. त्याच जिनिंगमध्ये दाब सोडताना तार तुटली होती. दिलवर पावरा नावाचा मजूर यंत्रापुढे होता. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरून दरवर्षी हंगामाला यायचा, पावसाळ्यात घरची कोरडवाहू शेती करायचा. तारेने त्याचा गाल डोळ्याखालपासून कानापर्यंत फाडला होता. डोळा वाचेल की नाही, सांगता येत नव्हतं.

मी उठले, ते थेट नानांच्या टेबलाशी गेले. ते पीळ मोजत होते. मी मध्येच बोलले. "नाना, ती माझी बंडलं होती. तुमची सही मी केली."

त्यांनी दांडा सोडला. तुकडा काढून टाकला नाही. तसाच लटकत राहू दिला.

"मले माहीत शे," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"सोमवारपासून. आपल्याकडच्या दाखल्यांच्या प्रतींत समासात काही लिहिलेलं नव्हतं." मग म्हणाले, "मी त्याच दिवशी जिनिंगला फोन करून ती चाळीस बंडलं बाजूला ठेवायला लावली."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही भांडल्या असत्या. मोजणी राहिली असती."

म्हणजे चार दिवस हा माणूस माझ्यासमोर बसून डबा खात होता, दुपारी "ताई, लोणचं घ्या" म्हणत होता, आणि सगळं त्याला माहीत होतं! त्या प्रसंगातही मला त्यांचा संताप आला. पण त्यांचा चेहरा बघितला आणि संताप तोंडातच राहिला.

"मग तुटली ती कोणती तार?" मी विचारलं.

"तेच बघायला जातोय."

एसटीने गेले. शेठनी गाडी देऊ केली, तर नाही म्हणाले. आधी धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात जाऊन दिलवरला पाहिलं, मग जिनिंगला गेले. मी त्यांना तिथून तुटलेल्या तारेचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला सांगितला. उत्तर आलं, "फोटोत पीळ दिसत नाही." संध्याकाळी त्यांनी ती तुटलेली तार आणि त्या बंडलात शिल्लक राहिलेली सगळी तार रिक्षात घालून घरी नेली आणि सकाळी पहिल्या एसटीच्या टपावर टाकून जळगावला आणली.

मग तीन दिवस ते त्या हाताच्या यंत्रापाशी उभे होते. हातभर तुकडा, पीळ, नोंद. पुन्हा तुकडा. मी जवळ गेले तर मान हलवून परत पाठवायचे. शेठ दोनदा येऊन गेले. शेठचं म्हणणं होतं, की तिथल्या मजुरांनी कडी चुकीची वाकवली असणार. जिनिंगवालाही वाद घालायच्या मनःस्थितीत नव्हता. कडीवर ढकलून प्रकरण मिटत होतं. तिसऱ्या दिवशी नानांनी आम्हा दोघांना बोलावलं. टेबलावर तुकडे ओळीने मांडले होते.

"बंडलाची दोन्ही टोकं चांगली आहेत," ते म्हणाले. "हे बघा, आडवी तुटली. मधली तार बघा."

मधले तुकडे उभे उकललेले होते. कापसाच्या पऱ्हाटीची ओली काडी चिरावी तसे.

"हे माझ्या चाळीस बंडलांतलं आहे?" मी विचारलं.

"नाही. हे त्याच्या आधीचं. सहा डायचं. हे मी तपासलं होतं." त्यांचा आवाज अगदी सपाट होता. "ऑपरेटरची वही पाहिली. त्या दिवशी पाण्याची मोटर वीस मिनिटं बंद होती. बंडलाच्या मधली तार गरम गेली. मी नमुना टोकाचा घेतला. टोकं चांगली होती."

शेठ म्हणाले, "म्हणजे नाना, यात तुमची काय चूक? सगळे टोकाचाच नमुना घेतात."

"शेठजी, सोमवारी फोनवर तो व्यवस्थापक मला विचारत होता, नवी तार नको तर मग काय वापरू? मी म्हटलं, जुनी वापरा, ती मी पाहिली आहे." एवढं बोलून ते खाली बसले. त्यांना बसलेलं मी त्या तीन दिवसांत पहिल्यांदा पाहत होते. "जुनीच वापरा म्हनीसन मीच सांगेल व्हतं."

बाहेर यंत्र चालू होतं. मग नानांनी कागद पुढे केला. त्यात सगळं लिहिलं होतं. मोटर, टोकाचा नमुना, फोनवरचा सल्ला, आणि शेवटी, 'तपासणीतली चूक माझी आहे,' खाली सही. शेठ चिडले. "नाना, कोणी विचारलं होतं? कडीचं निघालं असतं, सगळे सुटले असते!"

"तो दिलवर कडी चांगली वाकवतो," नाना म्हणाले. "त्याच्या हातच्या गाठी मी बघून आलो."

मी तो कागद घेतला. मोटर बंद पडली तरी यंत्र थांबवायचं नाही, हा हुकूम माझा होता. ऑपरेटरने तो पाळला होता. मी नानांच्या सहीखाली ते लिहिलं आणि त्या चाळीस दाखल्यांचंही लिहिलं. या वेळी माझी सही केली. शेठनी दोघांकडे पाहिलं, कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "चांगली माणसं सांभाळली आहेत मी." पण कागद फाडला नाही. तो जिनिंगला गेला. दिलवरच्या दवाखान्याचं शेठनी शेवटपर्यंत पाहिलं. डोळा वाचला. गालावर दोरी चिकटवल्यासारखा व्रण राहिला. माझी चाळीस बंडलं परत आली, नानांनी ती मधून कापून पिळली आणि एकही धड निघालं नाही. सहावी डाय पुन्हा बसली.

आता कोणाला वाटेल, की त्यानंतर आमचं चांगलं जमलं असेल. छे! ते आणखी असह्य झाले. त्यांनी नमुना बंडलाच्या मधून घ्यायला सुरुवात केली. म्हणजे धडधाकट बंडल मधोमध तोडायचं. ग्राहकाला सलग तार हवी असते. मी ओरडायचे, शेठ ओरडायचे, नाना तोडायचे. मी त्यांना समजावलं, की मोटर बंद झाली की यंत्र आपोआप थांबेल अशी सोय आता केली आहे, मग तोडता कशाला? म्हणाले, "सोय चांगली आहे. ती चालते का, ते बघतोय." वर्षभर आम्ही रोज भांडलो. एका गोष्टीत फरक पडला होता. दाखल्यावर ते आता 'मंजूर'वर खूण करायचे आणि समास कोरा सोडायचे. मी एकदा विचारलं, "नाना, 'आज तरी' लिहीत नाही?" त्यांनी पुढचा दाखला ओढून घेतला, मंजूरवर खूण केली आणि समास कोराच ठेवला.

निवृत्तीच्या दिवशी शेठनी शाल-श्रीफळ दिलं, भाषण केलं, बंगईचा किस्सा सांगून सगळ्यांना हसवलं. नानांना बोलायला सांगितलं तर उठून म्हणाले, "ऑपरेटरांनी मोटरकडे लक्ष ठेवा." आणि बसले. टाळ्या वाजवाव्यात की नाही, हेही कोणाला कळेना. दुपारच्या एसटीने गेले. माझा निरोप घेतला नाही. मी तेव्हा पाण्याच्या मोटरीपाशी होते, असं नंतर कोणीतरी त्यांना सांगितलं म्हणे, आणि ते "बरं शे" म्हणाले.

पुढल्या हंगामात मी धुळ्याला त्या जिनिंगमध्ये कामासाठी गेले. ऑफिसातलं बोलणं संपवून यंत्राकडे गेले. यंत्रासमोर आता लोखंडी जाळी उभी केली होती आणि दाब सोडण्याआधी सगळ्यांनी जाळीमागे यायचं असा नियम होता. मी व्यवस्थापकाला विचारलं, "ही कधी बसवली?" तो वैतागून म्हणाला, "ते तुमचे म्हातारे! महिनाभर रोज येऊन डोकं खाल्लं. शेवटी बसवली, म्हटलं आता तरी येणं थांबेल. कुठलं काय. अजून रोज येतात. अकराला येतात, दोन तास उभे राहतात, जातात. काही बोलत नाहीत, काही मागत नाहीत. हंगामाच्या गर्दीत मध्येमध्ये."

मी पाहिलं. जाळीमागे मजुरांच्या घोळक्यात नाना उभे होते. सदऱ्याचा खिसा रिकामा होता, शिवलेला. शेजारी दिलवर. व्रण आता पांढरा पडला होता. त्याने गाठीच्या शेवटच्या तारेची कडी अडकवली होती आणि पळत जाळीमागे आला होता. यंत्रवाल्याला त्याने हात केला.

दाब सुटला. गाठ फुगली, तारा ताणल्या गेल्या, आणि ताणताना त्या कुरकुरतात तसा आवाज झाला. नानांनी डोळे घट्ट मिटले होते. दोन्ही हातांनी जाळी धरली होती. आवाज थांबला तरी ते तसेच. गाठ बाहेर सरकली, हमालांनी ती ढकलत नेली, घोळका पांगला, तरी ते तसेच.

मी पुढे होणार होते. पण दिलवर आधीच त्यांच्याजवळ गेला, आणि रोजचंच काम असल्यासारखं, अगदी सहज, त्यांच्या दंडाला हात लावला.

"व्हयनं, नाना," तो म्हणाला. "तुटनी नही. उघाडा डोया."